देवस्थळींनी मोटर निवडली

शरच्चंद्र देवस्थळींना कंपनीच्या रिक्रिएशन क्लबच्या सोडतीत होडी लागली. पहिलं बक्षीस शिलाई मशीन होतं, दुसरं प्रेशर कुकर आणि तिसरं ही होडी. भोसरीतल्या एका कारखानदाराने फायबरच्या पाण्याच्या टाक्या करता करता हौस म्हणून एक होडी ओतून पाहिली होती. ती कुणी घेईना, तेव्हा त्याने ती उदार मनाने क्लबला देऊन टाकली. शिलाई मशीन कॅन्टीनच्या आचाऱ्याला लागलं. देवस्थळींनी त्याला अदलाबदलीबद्दल आडून आडून विचारलं, तर तो इतका हसला की त्या दिवशी सबंध फाउंड्रीला आमटी खारट मिळाली.

होडी कंपनीच्या ट्रकमधून चिंचवडच्या कॉलनीत आली आणि देवस्थळींच्या तळमजल्यावरच्या व्हरांड्यात जाऊन बसली. व्हरांड्याचं माप आणि होडीचं माप यांत एक वीतभर फरक होता, आणि तो व्हरांड्याच्या विरुद्ध होता. त्यामुळे घरात यायचं म्हणजे आधी होडीत पाय टाकायचा, दोन पावलं चालायचं आणि पलीकडे उतरायचं. पाहुणे चपला होडीत काढू लागले. दूधवाला होडीत उभा राहून हाक मारू लागला. नीलिमाताईंनी, म्हणजे सौ. देवस्थळींनी, आठवडाभर दम धरला आणि मग तिच्यात गहू वाळत घातले.

एवढ्यावर सगळं थांबलं असतं. पण एका रविवारी सांगवीहून मुकुंदराव आले. मुकुंदराव हे देवस्थळींचे साडू, नीलिमाताईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसायचे असा तो काळ, आणि मुकुंदरावांकडे स्कूटर होती. ती त्यांना कशी मिळाली हे ते दर भेटीत नव्याने सांगत. त्या दिवशी ते गहू बाजूला सारून होडीत बसले, तिथेच चहा मागवला आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "काय शरदराव! दरवर्षी दसऱ्याला दोन बस बदलून घामाघूम होऊन येता आमच्याकडे जेवायला. यंदा होडीतूनच या की सांगवीला!"

आणि मग ते हसले. त्यांचं ते हसणं देवस्थळींना लग्नापासून ठाऊक होतं. ते पोटातून सुरू व्हायचं आणि समोरच्याच्या पोटात जाऊन थांबायचं.

"येणार," देवस्थळी म्हणाले. "मोटर लावून येणार."

हे आपण बोललो यावर त्यांचा स्वतःचाच क्षणभर विश्वास बसला नाही. आतून कपबशी फुटल्याचा आवाज आला, त्यावरून नीलिमाताईंनीही ते ऐकलं असावं.

इथे देवस्थळींच्या स्वभावाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. ते कंपनीत परचेस खात्यात होते. स्क्रूपासून क्रेनपर्यंत जे काही घ्यायचं असेल त्याची तीन कोटेशनं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि साहेबांपुढे ठेवायचा, हे त्यांचं काम. साहेब एका ओळीवर बोट ठेवत आणि सही करत. इतकी वर्षं देवस्थळींनी दुसऱ्यांना निवडायला सोपं जावं म्हणून जिवाचं रान केलं, पण स्वतः म्हणून कधी काही निवडलं नव्हतं. त्यांची नोकरी वडिलांनी निवडली, बायको आत्याने निवडली, घरातले पडदे बायकोने निवडले. चष्म्याची फ्रेमसुद्धा दुकानदाराने नाकावर चढवली आणि "ही शोभते" म्हणाला, तेव्हा ते "बरं" म्हणाले होते. तर, आता मोटर घ्यायची ती आपण निवडायची, आणि तिच्या जोरावर सांगवीला जायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. नाही गेलो, तर येणाऱ्या प्रत्येक मुंजीत, प्रत्येक बारशात आणि प्रत्येक दिवाळीत मुकुंदरावांचं ते हसणं आपल्या पानात वाढलं जाणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"दसऱ्यापर्यंत," नीलिमाताई म्हणाल्या. "त्यानंतर व्हरांड्यात होडी तरी राहील, नाहीतर मी तरी."

बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही. कॉलनी म्हणजे सगळी कारखान्यांतली माणसं, आणि यंत्राविषयी मत नाही असा माणूस तिथे औषधालाही सापडला नसता. हीट ट्रीटमेंटवाले म्हणाले, मोटर घेण्याआधी दांड्याला कानस मारून तो पुरता कडक आहे का बघा. प्लॅनिंगवाल्यांनी चिंचवड ते सांगवी असं वेळापत्रक करून आणलं आणि त्यात कासारवाडीला चहासाठी थांबा दिला. अकाउंट्सवाल्यांना घसाऱ्याची काळजी लागली. पर्सोनेलचे एक गृहस्थ रोज संध्याकाळी येत, होडीच्या काठावर बसत, सुस्कारा सोडत आणि काही न बोलता निघून जात. देवस्थळींना सगळ्यांत जास्त भीती त्यांचीच वाटायची.

वरच्या मजल्यावरचे अनंतराव मात्र कामाचा माणूस. निदान त्यांचं स्वतःचं तसं मत होतं. ते टूलरूममध्ये होते आणि कुठलीही गोष्ट विकत घेणं हा बुद्धीचा अपमान आहे असं मानत. "देवस्थळी, याला आउटबोर्ड मोटर म्हणतात," त्यांनी सांगितलं. "होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची. वर इंजिन, खाली पाण्यात पंखा, मध्ये दांडा. बास! यात घेण्यासारखं काय आहे? मी करून देतो."

पण देवस्थळींना रीतसर नवी मोटर हवी होती. नवी मोटर परदेशातून यायची, आणि परदेशातून टाचणी आणायची झाली तरी परवाना लागायचा. म्हणून रजा टाकून ते पुण्याला एका सरकारी कचेरीत गेले. तीन टेबलं फिरल्यावर चौथ्या टेबलावरच्या कारकुनाने त्यांना बसायला सांगितलं.

"मच्छीमार सोसायटीचे सभासद आहात?"

"नाही."

"मग खाजगी मासेमारी?"

"अहो, मी अंडंसुद्धा खात नाही."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "मग नदीत जाता कशाला?"

देवस्थळींनी बराच विचार केला. शेवटी खरं तेच सांगितलं. "साडूकडे."

कारकुनाच्या चेहऱ्यावर एकदम माणुसकी उमटली. त्यालाही एक साडू होता, कोथरूडला. त्याने चहा मागवला आणि दोघांनी तासभर आपापल्या साडूंविषयी मोकळेपणाने बोलून घेतलं. निरोप घेताना कारकुनाने त्यांचा हात हातात घेतला. "साहेब, तुमचं दुःख मला कळतं. पण परवान्यात साडू हे कारण बसत नाही." देवस्थळी मन हलकं करून आणि हात हलवत परत आले.

मग आले दत्तोबा. दत्तोबा मोशीचे, इंद्रायणीकाठी त्यांचं कांद्याचं रान. आठवड्यातून एकदा ते कॉलनीत टेम्पोतून कांदे आणत. होडीत पाय टाकून आत येताना त्यांनी सगळी हकिगत ऐकली आणि म्हणाले, "आन् त्येला मोटार कशापायी इकत घेताय, सायेब? आमचं इंजान हाय की! डिझेलचं. हिरीचं समदं पानी वडून काडतंय. त्येच्या पायपाचं त्वांड मागं करायचं. पानी मागं जाईल, व्हडी फुडं जाईल. सोपं हाय."

गंमत म्हणजे हे सगळ्यांना पटलं. अनंतरावांनी तर खिशातून पेन्सिल काढून ते सिद्धही करून दाखवलं. रविवारी होडी टेम्पोत घालून मोशीला नेली. चार माणसांनी इंजिन उचलून होडीच्या मागच्या टोकाला ठेवलं, तेव्हा पुढचं टोक हळूहळू आकाशाकडे गेलं, आणि त्या टोकावर देवस्थळी बसलेले होते. काठावरून लोकांनी त्यांना नमस्कार केला. त्यांनी उंचीवरून तो स्वीकारला. तेवढ्यात दत्तोबांनी हँडल मारलं, इंजिन धडधडू लागलं, आणि मागे तोंड करून बांधलेला तो जाडजूड पाइप पहिल्याच हिसक्याला सुटून गर्रकन फिरला. इंद्रायणीचं पाणी भसाभसा होडीत येऊ लागलं. शेवटी देवस्थळी कमरेएवढ्या पाण्यात होडीत उभे होते आणि होडी छातीएवढ्या पाण्यात नदीत उभी होती.

"पानी मातर झकास वडलं, न्हाई का?" काठावर कपडे पिळणाऱ्या देवस्थळींना दत्तोबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीने प्रयोग यशस्वी झाला होता.

यानंतर अनंतरावांना कोण आवरणार? त्यांनी कुठूनसं स्कूटरचं जुनं इंजिन पैदा केलं, त्याला टूलरूममधला एक दांडा जोडला आणि खाली पंखा म्हणून टेबलफॅनची पाती लावली. टेबलफॅन देवस्थळींचा होता. मोटर होडीला लावण्याआधी पाण्यात तपासायला हवी, हे अनंतरावांचं म्हणणं शास्त्रशुद्ध होतं. मात्र त्यासाठी त्यांनी कॉलनीची पिण्याच्या पाण्याची टाकी निवडली. मोटर टाकीत थोडा वेळ उत्तम चालली. दुसऱ्या दिवशी सगळ्या कॉलनीच्या चहाला पेट्रोलचा वास आला, आणि बायका हंडे घेऊन देवस्थळींच्या दाराशी जमल्या. देवस्थळींनी होडीत उभं राहून सर्वांची माफी मागितली. होडी असल्यामुळे कुणाला त्यांच्यापर्यंत पोचता आलं नाही, हा तिचा आजवरचा एकमेव उपयोग. त्या गर्दीत अनंतराव सगळ्यांत मागे उभे राहून "अगदी बरोबर आहे, अगदी बरोबर आहे" म्हणत होते.

दसरा तोंडावर आला, आणि देवस्थळींना झोप लागेना. स्वप्नात मुकुंदराव येत आणि हसत.

अशात दत्तोबा चाकणहून बातमी घेऊन आले. कांदा बाजाराकडे जाताना ज्योतीराम म्हणून एकाचं भंगाराचं दुकान लागतं, तिथे पंख्याच्या दोन मोटारी त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मिलिट्रीच्या लिलावात आलेल्या. झालं! दुसऱ्याच दिवशी दत्तोबांच्या टेम्पोत, कांद्याच्या पोत्यांवर बसून, देवस्थळी आणि अनंतराव निघाले. नीलिमाताईही आल्या. "मला कांदे घ्यायचेत," त्या म्हणाल्या. कांद्यावर बसूनच त्या हे म्हणाल्या, पण देवस्थळींनी वाद घातला नाही.

ज्योतीराम मराठवाड्यातून आलेला गडी. दुकान म्हणजे गंजलेल्या गिअरांचा डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी एका ओंडक्याला त्या दोन मोटारी लटकवलेल्या. एक काळीकुट्ट, रंग उडालेली, तेलाने माखलेली. दुसरी हिरवीगार, चकचकीत, निकेलच्या मुठीची. नाव-गाव दोन्हींवरून खरवडून गेलेलं.

"दोनी बी चालतेत बगा साहेब," ज्योतीराम म्हणाला. "दोनी बी लई गुणाच्या हायेत. तुमाला कंची पायजे ती न्या."

अनंतरावांनी काळीला हुंगून पाहिलं आणि डोळे मिटले. "देवस्थळी, हिच्यात जीव आहे." दत्तोबांनीही काळी उचलून पाहिली आणि वजनाला पसंती दिली. नीलिमाताई पदराने नाक धरून पुढे झाल्या. "मला विचाराल तर..."

"नको," देवस्थळी म्हणाले.

नीलिमाताई मागे सरल्या. ज्योतीरामसुद्धा. देवस्थळी दोन मोटारींसमोर उभे होते. सवयीने त्यांच्या डोक्यात तक्ता उभा राहू लागला: वजन, अवस्था, पूर्वानुभव, शेरा. मग त्यांच्या ध्यानात आलं की हा तक्ता न्यायला पलीकडे कुणाची केबिन नाही. सही आपलीच. आयुष्यात एकदा, एकदाच, आपल्याला जे आवडलं ते आवडलं म्हणून घ्यावं, असं त्यांना इतक्या तीव्रतेने वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. अर्थात शेजारी कांदेही होते.

त्यांनी हिरवीवर हात ठेवला. "ही."

"अहो पण..." अनंतराव म्हणाले.

"ही म्हणजे ही."

नीलिमाताईंनी नाकावरचा पदर सोडला. मग म्हणाल्या, "रंग छान आहे." परतीच्या वाटेवर देवस्थळी मोटर मांडीवर घेऊन बसले होते आणि मोशी येईपर्यंत त्यांनी तिला कुणाला हात लावू दिला नाही. एवढा आनंद त्यांना पर्मनंट झाल्याच्या दिवशीही झाला नव्हता.

हिरवी मोटर पिंपात लावून पाहिली तेव्हा दोरी ओढून ओढून तिघांचे खांदे उतरले, पण शेवटी ती फुर्रर्र करून चालली आणि बघायला जमलेल्यांना आंघोळ घालून बंद पडली. टाळ्या वाजल्या. अनंतरावसुद्धा "बरी आहे" म्हणाले. टूलरूमच्या माणसाने दुसऱ्याने निवडलेल्या यंत्राला बरं म्हणणं ही साधी गोष्ट नव्हे.

दसऱ्याच्या सकाळी पवनेच्या घाटावर सगळी कॉलनी लोटली. नव्या यंत्राची पूजा करायची नाही तर कधी करायची? हीट ट्रीटमेंटने झेंडूचा हार आणला, प्लॅनिंगने आणला, अकाउंट्सने आणला, पर्सोनेलच्या गृहस्थांनी तर सगळ्यांत लांब आणला आणि सुस्कारा सोडून तो मोटरीच्या गळ्यात घातला. शेवटी मोटर दिसेनाशी झाली आणि नुसताच झेंडूचा ढीग होडीच्या मागे लटकू लागला. नारळ कुठे फोडायचा यावर वाद झाला. फायबरवर फोडला तर नारळाऐवजी होडी फुटेल, असं अनंतरावांनी बजावलं, म्हणून तो घाटाच्या पायरीवर फोडला. मग लिंबाचा प्रश्न आला. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडायचं असतं. होडीला चाक कुठलं? बराच खल होऊन लिंबू होडीच्या पुढे पाण्यावर ठेवायचं ठरलं. ठेवलं, आणि ते आपलं डुलत डुलत पुढे निघून गेलं. "जाऊ दे," कुणीतरी म्हणालं, "धडकू वाटेत."

वल्ही देवस्थळींनी मुद्दाम घरी ठेवली होती. वल्ही दिसली असती तर मुकुंदरावांना हसायला विषय मिळाला असता.

होडीत देवस्थळी मागे मोटरीशी बसले, अनंतराव इंजिनिअर म्हणून मध्ये, आणि नीलिमाताई पुढे, थोरल्या बहिणीसाठी केलेल्या करंज्यांचं पातेलं मांडीवर आणि त्यावर मोठं ताट झाकून. देवस्थळींनी देवाचं नाव घेतलं आणि दोरी ओढली. पहिल्या ओढीला मोटर सुरू झाली! अनंतरावांचं तोंड उघडं राहिलं. होडी निघाली. घाटावरून जयजयकार झाला, पर्सोनेलच्या गृहस्थांनी रुमाल हलवला. देवस्थळींनी मंत्र्यासारखा एक हात वर केला, आणि तो हात खाली येण्याआधी मागून कचर्र कचर्र असा आवाज आला.

अकाउंट्सचा हार पंख्यात गेला होता. त्याच्या मागोमाग प्लॅनिंगचा गेला, मग हीट ट्रीटमेंटचा. सगळ्यांत शेवटी पर्सोनेलचा लांबलचक हार सावकाश आत खेचला गेला आणि मोटर एक हुंदका देऊन थांबली. झेंडूच्या पाकळ्या नदीभर पसरल्या. तोवर घाट वळणाआड गेला होता, एवढीच देवाची कृपा.

अनंतराव पुढे सरसावले. अर्धा तास ते ओणवे होऊन पंख्यातून दोरे उपटत होते. मग दोरी ओढून ओढून त्यांच्या तळव्यांना फोड आले. मग "प्लग ओला झालाय, मिनिटात पुसतो" म्हणून त्यांनी प्लग काढला, धोतराने पुसायला घेतला, आणि दसऱ्याला धोतर नेसल्यामुळे सवय नसलेला त्यांचा हात सोग्यात अडकला. डुबुक.

प्लग तळाला गेला. अनंतरावांनी पाण्याकडे पाहिलं आणि ते तसेच पाहत राहिले.

"मी आयुष्यात एकच गोष्ट निवडली," देवस्थळी म्हणाले. "एकच."

नीलिमाताई मागे वळल्या. काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांची नजर पाण्यावर गेली. "अहो, ते लिंबू बघा."

होडीच्या शेजारी, हातभर अंतरावर, ते लिंबू शांतपणे चाललं होतं.

"कुठे चाललंय ते?"

"कुठे जाणार? नदी जाते तिकडे. काळेवाडी, पिंपरी, कासारवाडी, सांग..." देवस्थळी थांबले.

तिघांनीही लिंबाकडे पाहिलं. मग काठाकडे पाहिलं. काठ मागे मागे चालला होता. वरून धरणाचं पाणी सोडलं होतं, पवना चांगली भरून वाहत होती, आणि ती जाते त्याच दिशेला, सांगवीकडे, होडी आपणहून निघाली होती. कॉलनीतल्या इतक्या खात्यांनी, इतक्या डोक्यांनी, महिने घालवून वजन पाहिलं, दांडा पाहिला, वेळापत्रक आखलं. पण नदी मुळात कोणत्या दिशेला वाहते, हे विचारायचं कुठल्याच खात्याच्या कामात बसत नव्हतं.

"मोटर परतीसाठी," अनंतराव क्षीणपणे म्हणाले.

यावर नीलिमाताईंना हसू फुटलं. ते थांबेना. हसता हसता त्यांनी पातेल्यावरचं ताट काढलं, पदर खोचला आणि होडी काठाला घासू लागली की ताटाने पाणी मारून तिला मध्ये आणायचं काम हाती घेतलं. करंज्या उघड्याच होत्या म्हणून तिघांनी खाऊन घेतल्या. रहाटणीजवळ काही म्हशी आडव्या आल्या, त्यांना देवस्थळींनी हात जोडले. एका धुणं धुणाऱ्या बाईने विचारलं, "कुनीकडं?" "दसऱ्याला, बहिणीकडे!" नीलिमाताईंनी ताट हलवून सांगितलं. जसजशी सांगवी जवळ येत होती तसतसं देवस्थळींच्या कानात मात्र मुकुंदरावांचं ते हसणं मोठं होत होतं.

सांगवीच्या काठावर मुकुंदराव सगळा गोतावळा घेऊन उभे होते. व्याही, भाचे, शेजारी, शिवाय पाहायला म्हणून खास बोलावलेले ऑफिसातले दोघे. दुपार टळली तरी होडीचा पत्ता नाही म्हणून मुकुंदराव मनातून खूश होते. हसायचं त्यांनी पोटात तयार ठेवलं होतं.

आणि वळणावरून होडी आली. पाण्यावर जराही खळबळ नाही, कसला म्हणून आवाज नाही. पुढे नीलिमाताई, मध्ये खाली मान घातलेले अनंतराव, आणि मागे झेंडूच्या चार पाकळ्या अंगावर घेऊन बसलेले देवस्थळी, एक हात त्या हिरव्या मोटरीवर. हात मोटरीवर होता कारण तो दुसरा कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. होडी डौलाने वळली, नीलिमाताईंनी पलीकडच्या बाजूने, कुणाला दिसणार नाही असं, ताटाचे दोन सपकारे मारले आणि ती अलगद काठाला लागली.

मुकुंदरावांचं हसणं पोटातच राहिलं. ते चिखलात उतरले. मोटरीभोवती फिरले. तिला कान लावला.

"शरदराव... आवाजच नाही हो!"

"नाही," देवस्थळी म्हणाले.

"म्हणजे चालू होती ना? माझी स्कूटर सुरू केली की गल्लीतली पोरं रडत उठतात. आणि ही बघा! कुठल्या कंपनीची म्हणायची?"

देवस्थळींनी तोंड उघडलं. ते खरंच बोलणार होते. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. सगळा गोतावळा त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"भावोजी, काय सांगू तुम्हाला," नीलिमाताई होडीतून उतरता उतरता म्हणाल्या. "महिनोन् महिने किती बघितल्या. लोकांनी नाही नाही ते सल्ले दिले. शेवटी यांनी स्वतः निवडली."

देवस्थळींचे कान तापले. चष्मा धूसर झाला.

पानावर बसल्यावरही मुकुंदरावांचं श्रीखंडाकडे लक्ष नव्हतं. "एवढी गुळगुळीत! मधे एकदा तरी फटफटायला हवी होती," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. पुरी हातात तशीच राहिली. शेवटी ते देवस्थळींकडे वळले आणि आयुष्यात प्रथमच पडेल आवाजात म्हणाले, "शरदराव, ही होडी... म्हणजे तुमचा विचार असेल तर..."

"विचार कसला, भावोजी?" नीलिमाताई वाढता वाढता म्हणाल्या. "ठेवा की तुमच्याकडेच. तुमचं घर नदीकाठी. आम्हाला काय, व्हरांड्यातच ठेवायची."

"पण तिचा प्लग..." अनंतरावांनी सुरुवात केली. टूलरूमच्या माणसाला हे पाहवेना. नीलिमाताईंनी त्यांच्या पानात चार पुऱ्या एकदम वाढल्या आणि त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी त्या चारही मुकाट्याने संपवल्या.

सोनं लुटताना मुकुंदरावांनी देवस्थळींना सगळ्यांदेखत मिठी मारली. "आमचा साडू!" ते ऑफिसातल्या त्या दोघांना म्हणाले. "पारखी माणूस. याच्या निवडीला तोड नाही." देवस्थळींनी हातातली सगळी आपट्याची पानं मुकुंदरावांनाच देऊन टाकली.

परतीच्या बसमध्ये अनंतराव पुढच्या बाकावर, फोड आलेले तळवे मांडीवर उताणे ठेवून झोपी गेले. देवस्थळी हळूच म्हणाले, "नीलिमा, तू चक्क खोटं बोललीस."

"काय खोटं?"

"मोटरीबद्दल."

"एक अक्षर खोटं नाही. चाकणला दोन होत्या. त्यातली एकसुद्धा शब्द न बोलणारी तुम्हीच निवडलीत की नाही?"

देवस्थळींनी ते विधान पुढून तपासलं, मागून तपासलं. परचेस खात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला त्यात एकही चूक सापडली नाही. ते हसू लागले. मग दोघंही हसू लागली, कंडक्टर येऊन उभा राहिला तरी थांबेनात.

"व्हरांडा मोकळा झाला," डोळे पुसत नीलिमाताई म्हणाल्या. "आता तिथे छानसा झोपाळा घेऊ या."

"घेऊ. कुठला घ्यायचा?"

"ते आता तुम्हीच निवडायचं."

देवस्थळींनी घाईघाईने सभोवार पाहिलं, कुणाला विचारता येईल का म्हणून. पण अनंतराव गाढ झोपले होते, आणि बस कासारवाडीला चहासाठी थांबत नव्हती.